दोन पोर्टांवरची मुलाखत

मुलाखतीला अर्धा तास उरला होता आणि कम्प्युटरचे चालू पोर्ट होते दोन. जोडायच्या होत्या चार वस्तू: कीबोर्ड, माउस, इंटरनेटचा डोंगल आणि कॅमेरा. बाकीचे पोर्ट उंदरांनी कधीच निकालात काढले होते. एका पोर्टाचे चार करणारा हब आणून पाहिला, तर तो लावला की डोंगल मान टाकायचा. सायबर कॅफेचीही सोय नव्हती, कारण कंपनीनं बजावलं होतं, खोलीत उमेदवाराशिवाय कोणी असलं तर मुलाखत रद्द.

"पापा, अब क्या होगा?" रुचिता रडकुंडीला आली होती.

धर्मपालबाबू स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. "तू काहून घाबरून राहिली? अख्खी नोकरी मी दोन लाइनींच्या स्टेशनावर काढली. एका लाइनीवर डोंगल कायम उभा. दुसरीवर बाकीचे एकेक येतील अन् जातील."

बोलायला काय जातं? कम्प्युटरचा डबा टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीकडे, आणि दुसरा पोर्ट असा ढिला की पिन अंगठ्यानं दाबून धरल्याशिवाय चालेना. शेवटी रुचिताच्या आईनं, सरितानं, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली नवी चादर टेबलावरून जमिनीपर्यंत सोडली आणि धर्मपालबाबू रांगत आत गेले.

"खोकू नका जी," असं बजावून तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.

आधी कीबोर्ड लागला, पासवर्ड टाकून झाला. कीबोर्ड निघाला, माउस लागला. पडद्यावर कंपनीचा कॉल वाजला, रुचितानं माउसनं तो घेतला आणि ठरल्याप्रमाणे पाय आपटला. धर्मपालबाबूंनी माउस ओढून कॅमेऱ्याची पिन खुपसली. पडद्यावर तीन साहेब बसलेले.

"आप अकेली हैं न?" मधल्या साहेबांनी विचारलं.

"जी सर."

जन्मात खोटा सिग्नल न दिलेल्या धर्मपालबाबूंना खाली घाम फुटला. मानेवर मुंगी चढली, पाय बधिर झाला, पण अंगठा हलला नाही. वर पोरगी फटाफट उत्तरं देत होती आणि खाली बापाला भरून येत होतं.

मग साहेबांनी विचारलं, "पोस्टिंग हैदराबाद में है. घरवाले भेजेंगे?"

रुचिताची नजर चादरीकडे गेली. हैदराबादचं नाव निघालं की धर्मपालबाबू ताटावरून उठत. "आपलं रायपूर आता राजधानी झालं, सारी ऑफिसं इथंच येऊन राहिली, मग पोट्टीनं तिकडं काहून जावं?" हे त्यांचं ठरलेलं. आता तर सगळं त्यांच्या हातात होतं. अंगठा नुसता उचलायचा. कॅमेरा गेला असता, मुलाखत बोंबलली असती, पोरगी घरात राहिली असती आणि दोष पोर्टाला लागला असता. तो विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सर, घर में..." रुचिताचा आवाज खोल गेला. तो काही त्यांना ऐकवेना.

"भेजेंगे," टेबलाखालून आवाज आला.

मधले साहेब पुढे वाकले, "टेबल के नीचे कौन है?"

"पापा हैं, सर." तिनं एका दमात उंदरांपासून अंगठ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"नियम तो आप जानती हैं. उन्हें बाहर भेजिए."

"नहीं भेज सकती, सर. वो बाहर आए तो आप चले जाएँगे."

तिघेही साहेब खो खो हसायला लागले. हसणं ऐकून दाराबाहेर कान लावून बसलेल्या सरिताला वाटलं, मुलाखत आटोपली. ती आत आली. "काहून जी, तुम्ही तर म्हणत होते, पोट्टीले हैदराबादले पाठवतच नाही?"

"सरिता, साहेब ऐकून राहिले," चादरीआडून दबका आवाज आला.

"मग बरंच झालं." तिनं रुचिताला खुर्चीवरून उठवलं, पदर सारखा केला आणि कॅमेऱ्यासमोर बसली. "रात की ड्यूटी तो नहीं है न? और लड़कियाँ रहती कहाँ हैं?"

पडद्यावरचे तिघे सावरून बसले. "नहीं मैडम, दिन की ही है," मधले साहेब म्हणाले. "कंपनी का हॉस्टल है, वॉर्डन भी है. लड़की हमें पसंद है, नियम हम देख लेंगे. बस, आप हाँ कर दीजिए."

रुचितानं आईचा खांदा घट्ट धरला. सरिताला मात्र काही घाई नव्हती. तिनं वाकून चादर जराशी उचलली.

"अंगठा काढू नका जी," ती म्हणाली, "माहे प्रश्न बाकी आहेत."