वारुळापर्यंतचा दम

एका जंगलात, बाळांनो, धूर काढायला सक्त मनाई होती. वणव्याची भीती होती ना. कुणी विडी पेटवलीच तर हत्ती सोंडेने पाणी मारायचा. विडी विझायची आणि ओढणाऱ्याची अंघोळही व्हायची.

त्याच जंगलात एक उदमांजर राहायचं. सगळे त्याला अत्तरशेठ म्हणत. त्याने एक नळी विकायला आणली. बोटाएवढी, चकचकीत. एक ओढली की करवंदाचा वास, दुसरी ओढली की जांभळाचा, तिसरी हापूसची.

जंगलाचे नियम बघणारी अस्वलसाहेबांची समिती तपासणीला आली.

"यात तंबाखू आहे का हो?" साहेबांनी विचारलं.

"किंचित आहे, साहेब. पण आम्ही ती जाळत नाही. नुसती तापवतो."

साहेबांनी नळी ओढून पाहिली. डोळे मिटले, पुन्हा ओढली. धूर नव्हता, वाफ होती. वाफेबद्दल नियमात अक्षरही नव्हतं. नळी पास झाली, आणि नमुना म्हणून चार नळ्या साहेबांकडे राहिल्या.

आता चांदव्याचं ऐका. चांदवा म्हणजे तरणाताठा चितळ. त्याला हाकाऱ्या व्हायचं होतं. हाकाऱ्याने नाल्याकाठी पहारा करायचा. वाघ दिसला की मोहाच्या झाडापर्यंत पळत यायचं आणि तिथे चरणाऱ्या कळपाला हाक मारायची. भरतीची परीक्षाही तीच होती. नाला ते मोह, एका दमात, आणि शेवटी खणखणीत हाक.

चांदव्याची आई त्याच कळपात होती. तिचा एक पाय अधू होता.

"तू पहाऱ्यावर असलास की मी निवांत चरेन बघ," ती म्हणायची.

भरतीचं टेन्शन आलं की पोरं नळी ओढायची. चांदवाही ओढू लागला.

"अगं, धूर थोडाच आहे? फळाचाच वास," त्याने आईला समजावलं.

आधी तो सरावानंतर ओढायचा. मग सरावाआधी. मग सरावाऐवजी. नळी हाताशी नसली की पाय थरथरायचे आणि तो आईवर खेकसायचा. छातीत शिट्टी वाजू लागली. परीक्षेच्या दिवशी तो अर्ध्या वाटेतच मटकन बसला. शेजारी बाकीची पोरंही बसलेली होती.

रावजी सांबर त्यांचा उस्ताद. तो म्हणाला, "पोरांनो, नळ्या फेका. दम हळूहळू परत येईल."

पोरांना राग आला. म्हाताऱ्याला नवीन काही बघवत नाही, असं ठरलं. त्यांनी परीक्षेविरुद्ध मोर्चा काढला. टेकडी चढताना मोर्चालाच धाप लागली, म्हणून अस्वलसाहेब निवेदन घ्यायला स्वतः खाली उतरले.

"तरुणांवर अन्याय होऊ देणार नाही," साहेब म्हणाले.

परिपत्रक निघालं. मोहापर्यंत पळायची गरज नाही, वारुळापर्यंत पुरे. वारूळ नाल्यापासून वीस ढांगांवर होतं. हाक जमत नसेल तर मान हलवली तरी चालेल. रावजीला सक्तीने घरी बसवलं. अत्तरशेठने त्या दिवशी पेढ्याच्या वासाची नळी काढली.

चांदवा भरतीत पहिला आला. आईने सगळ्या कळपाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती खरंच निवांत चरू लागली.

आठ दिवसांनी वाघ आला. चांदवा पळाला. खोटं कशाला बोलू, जिवाच्या आकांताने पळाला. वारुळापाशी त्याचे गुडघे टेकले. मोह समोर दिसत होता. आई पाठमोरी चरत होती. चांदव्याने तोंड उघडलं. शिट्टी वाजली, ती त्याची त्यालाच ऐकू आली. मग त्याने नियमाप्रमाणे मान हलवली.

वाघ वारुळापाशी थांबला नाही. त्याला परिपत्रक मिळालंच नव्हतं. हापूसचा वास मारणारं चितळ त्याने हुंगलं, नाक मुरडलं आणि तो मोहाकडे गेला. शेवटच्या क्षणी कळप उधळला. अधू पायाची तेवढी मागे राहिली.

संध्याकाळी समिती चांदव्याला भेटायला आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तू नियमात बसेल तेवढा पळालास," साहेब म्हणाले.

चांदव्याचे पाय थरथरत होते. तो गवतात नळी शोधत होता.

तात्पर्य: बाळांनो, नळी खुशाल ओढा, तिच्यातून धूर निघत नाही. फक्त तुमच्या दमाप्रमाणे नियम शिथिल करून घेतलात की त्याची एक प्रत वाघालाही पाठवत जा.