तोंडी हरकत

रत्नागिरीपासून पाऊण तासावरच्या धनुर्वात संशोधन केंद्राचे उद्घाटन यथासांग पार पडले. उणीव एकच राहिली, ती म्हणजे धनुर्वाताचा रुग्ण. पण मांडव उतरवताना एक गंजका खिळा भागोजीच्या टाचेत घुसला. केंद्राच्या पायऱ्यांचा चिरा त्यानेच बसवला होता.

त्याची बायको मैना त्याला आधार देत डॉ. विनीत यांच्यापुढे घेऊन आली. "डाक्टरानू, ह्यांना इंजेक्शन टोचा. उपकेंद्रातली बाय म्हनतेय, तालुक्याच्या सगळ्या लशी तुमच्याकडं आनल्यात."

"आणल्यात ना!" डॉक्टरांनी अभिमानाने काचेच्या फ्रिजकडे बोट दाखवले. बाटल्या ओळीने उभ्या होत्या. "पण त्या तुलना-गटासाठी, म्हणजे लस टोचून ज्यांच्याशी रुग्णांची तुलना करायची त्यांच्यासाठी, राखीव आहेत."

"मग ह्यांना त्या गटात घाला."

"तो गट अजून स्थापन व्हायचाय. आमचा विषय वेगळा आहे, मावशी. मेंदूचे निरोप पोचवणारे एक द्रव्य असते, ते अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून बनते. धनुर्वातात त्या ट्रिप्टोफॅनचे काय होते, ते आम्ही मोजणार. लस टोचली नि धनुर्वात झालाच नाही, तर मोजायचे काय?"

"म्हंजे ह्यांना व्हायची वाट बघू?"

"घाई नाही," डॉक्टर मायेने म्हणाले.

नवव्या दिवशी भागोजीची दातखीळ बसली. केंद्रात पेढे वाटले गेले. प्रयोगाचे संमतिपत्र पाहून मैना भडकली, तेव्हा कारकून सुहासने नियम दाखवला: हरकत असल्यास रुग्णाने स्वतः तोंडी नोंदवावी. भागोजीने नुसते डोळे फिरवले. 'हरकत नाही' अशी नोंद झाली.

तीन दिवसांनी परिसंवाद भरला. भागोजीला स्ट्रेचरवरून व्यासपीठावर आणले. त्याच्या ट्रिप्टोफॅनचे आलेख अप्रतिम होते. मागच्या रांगेतून मैना उठली. "ह्यांचा तोंड मिटलाय. तुमची तर उघडतात ना? मग इचारा की कोनीतरी, त्या बाटल्या अजून फ्रिजात का हायत?"

एकशे ऐंशी विद्वानांनी आपापल्या फायली चाळल्या.

भागोजी जेवणाच्या सुट्टीआधी गेला. सभागृहाने दोन मिनिटे शांतता पाळली आणि त्यात कुणालाही अडचण आली नाही. नंतर तळलेल्या सुरमईपुढे सगळी तोंडे व्यवस्थित उघडली.

अहवालाचा निष्कर्ष छापून आला आहे: दातखीळ बसायला खिळा लागतोच असे नाही. सोबत उपस्थितांची यादी आहे. वाचकहो, तीत आपलेही नाव आहे. हरकत असल्यास तोंडी नोंदवावी.