देसांकामावशी आणि आरपार वारा

"डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही."

पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं आणि तिहोमीरने कपाळावर हात मारून घेतला.

सर्बियातल्या वर्शात्स गावच्या त्या लोणच्याच्या कारखान्यात सकाळपासून हाच खेळ चालला होता. संचालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. कुठल्या गावात किती बरण्या खपल्या याचे रंगीत तक्ते ते आपोआप काढतं म्हणे. पण त्यासाठी त्याने कारखान्याच्या डेटाबेसशी बोलायला हवं, आणि नव्या सासू-सुनेसारखं त्यांचं घडीभर जमायचं, की लगेच अबोला.

एरवी तिहोमीरला याचं काही वाटलं नसतं. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. बायको कधीच सोडून गेली होती आणि आई गेल्यापासून तर फोनही वाजत नसे. पण आज संत मितारचा दिवस, त्याच्या घराची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. स्लावाचं आमंत्रण करायचं नसतं. ज्याला आठवण असते तो आपणहून येतो, आणि यजमानाने दार उघडं ठेवून घरात असायचं असतं. गेल्या वर्षी कोणी आलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. तरी यंदा त्याने कोबीच्या पानात खिमा गुंडाळून पातेलंभर सारमा केला होता, पहाटे दार नुसतं लोटून तो निघाला होता आणि चर्चमध्ये पाद्रीकडून सणाचा पाव कापून घेऊन, तो पिशवीत घालून थेट कामावर आला होता. आज कोणी येऊन रिकाम्या घरातून परत गेलं तर? या विचाराने तो सारखा घड्याळाकडे बघत होता.

फोन वाजला. "तिहोमीर, तक्ते कुठायत? पाहुणे माझ्यासमोर बसलेत!" संचालक बेलग्रेडहून ओरडले.

"झालंच साहेब."

"हे तू सकाळी पण म्हणालास. तक्ते आल्याशिवाय घरी जायचं नाही!"

सर्व्हरचं मशीन मागच्या कोठीत होतं. पूर्वी तिथे मिरच्या ठेवत, त्यामुळे आत गेलं की शिंका यायच्या. भिंतीतला हीटर कमी होतच नसे. तिहोमीर आत गेला तर मशीन आपलं आपण बंद पडलेलं. त्याने शिंकत शिंकत कोट काढला, उकडतंय म्हणून खिडकी उघडली, मशीन चालू केलं, पासवर्ड बदलला. लागलीच सगळं सुरळीत! "पासवर्डचीच भानगड होती तर," असं म्हणत तो खुशीत हिशेबनीस देसांकामावशीच्या टेबलाशी तक्ते बघायला गेला. मावशी त्याच्यासाठी कॉफी करायला उठली. कॉफी आली, तक्ता अर्धा उमटला आणि संपर्क तुटला.

तो परत कोठीत. उकडतंय म्हणून खिडकी उघडली, तार बदलली, चाललं. "तारेचीच भानगड!" मावशी दुसरी कॉफी करायला उठली, आणि संपर्क पुन्हा तुटला. मग त्याने मशीनवर पहारा देणारी फायरवॉल बंद केली, चालू केली, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा बसवलं. टेबलावर कॉफीच्या रिकाम्या कपांची रांग लागली.

"मशीनला नजर लागलीय," मावशी म्हणाली.

"मावशी, मशीनला नजर नाही लागत."

"तुला तरी लागलीय. तोंड बघ किती उतरलंय! जेवलास का?"

अंधार पडायला लागला तसा तिहोमीरने शेवटचा उपाय केला. तो कोठीतच कपाटामागे स्टूल टाकून बसला. बघू तरी, बंद पडतं कसं ते.

थोड्या वेळाने उघड्या दारात चाहूल लागली. देसांकामावशी चवड्यांवर आत आली. तिने खिडकी घट्ट लावली, कडी घातली, हीटरवर हात ठेवून तो तापलाय ना याची खात्री केली, आणि मशीनसमोरच्या तिहोमीरच्या खुर्चीच्या पाठीवर आपली शाल पसरली. मशीनचा पंखा घरघरायला लागला.

"मावशी!"

"अगं बाई! मेल्या, कपाटामागे काय करतोस?"

"दिवसभर खिडकी तुम्ही लावताय?"

"मग काय करू? बाहेर कोशावाचा गार वारा घोंघावतोय, दार उघडं, खिडकी उघडी, आणि तू नुसत्या सदऱ्यावर! आरपार वारा थेट कमरेत शिरतो. आमचे हे पण म्हणायचे, काही होत नाही. कुठायत आता?"

"पण मशीन तापून बंद पडतंय!"

"मशीन दुसरं मिळतं."

तिहोमीर चिडणार होता, पण शालीकडे बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या कमरेची काळजी आई गेल्यापासून कोणी केली नव्हती. शेवटी तडजोड झाली: खिडकी उघडी, पण दार बंद, आणि आत माणूस बसणार नाही. वारा आरपार जात नसेल तर मावशीची हरकत नव्हती. मशीन गार झालं आणि तक्ते बेलग्रेडला पोचले.

तिहोमीर धावत घरी गेला. दार लोटलेलंच होतं. उंबऱ्यावर कुणाचा बूट नाही, टेबलावर कुणाची बाटली नाही. त्याने सारमा गरम करायला ठेवला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, दार सताड केलं आणि मेणबत्ती लावून बसला. जिन्यावर पावलं वाजली की तो उठून उभा राही. पावलं वरच्या मजल्यावर निघून जात. सारमा दोनदा गरम झाला. त्याला रडू येईल असं वाटायला लागलं. मग त्याने मांडलेल्या ताटल्या उचलायला घेतल्या.

"देवा रे! दार उघडं, खिडकी उघडी!"

दारात देसांकामावशी धापा टाकत उभी होती. मागे कारखान्याचा पहारेकरी झिव्को, काखेत वाईनची बाटली.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"पिशवीतून तो पाव दिवसभर डोकावत होता. मला काय डोळे नाहीत? स्लावाला बोलवत नाहीत हे खरं, पण घर कुठल्या मजल्यावर आहे ते तरी सांगायचं! म्हातारीला सगळा जिना चढायला लावलास. आणि ते दार लाव आधी, मेणबत्ती बघ कशी फडफडतेय."

"मावशी, स्लावाला दार उघडं ठेवतात. पाहुण्यांसाठी."

"अजून कोण यायचंय?"

तिहोमीरने जिन्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि दार त्याने स्वतःच लावून घेतलं.