सेजलला खाली ठेवायचं नाही

सेजलने पहिलं पाऊल टाकलं ते तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या बरोबर नऊ दिवस आधी, भर अंगणात, तांदूळ वाळत घातलेल्या चटईच्या कडेला. एकावर थांबली असती तरी चाललं असतं. तिने लागोपाठ चार टाकली, धपकन बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुठल्याही आईने धावत जाऊन पोरीची दृष्ट काढली असती. आवडीने कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय माझे, आज कशाला चाललीस? नऊ दिवस दम धरला असतास तर काय बिघडत हुतं?"

आता सेजलला काय ठाऊक, की तिच्या बापाने काय बोलून ठेवलंय! भरत मुंबईला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होता. पोर जन्मली तेव्हा तो अकरा दिवसांनी पोचला. पोर पालथी पडली, तो मुंबईत. पहिला दात आला, मुंबईत. रांगायला लागली, मुंबईत. गणपतीला आला आणि परत निघताना पोलादपूरच्या स्टँडवर बायकोला म्हणाला, "सगळं तुम्हीच बघितलंत. पयलं पाऊल तरी मला बघू दे. तोवर चालू नको देऊ हिला." बोलला हसत, पण गाडी सुटल्यावर त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढलं नाही. आवडीने ते मनात धरून ठेवलं होतं.

तिची सासू कमळाबाई म्हणाली, "चालली तर चालली. त्याला कोण सांगतंय? वाढदिवसाला तो येईल, ओवाळून झालं की त्याच्या पुढ्यात सोडू हिला. त्याच्यासाठी तेच पयलं."

पंधरा घरांची वाडी ती, आणि इथे कुणाच्या घरात आमटी खारट झाली तरी टोकाच्या घरी पाणी पितात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सेजल चालते हे सगळ्यांना कळलं आणि भरतला ते कळता कामा नये हेही सगळ्यांना कळलं. खरी धास्ती होती ती हैबतीकाकाची. भरतचा हा चुलत चुलता माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात बातमी म्हणजे चाळणीत पाणी. आवडीने त्याला देवापुढे नेलं आणि नारळावर हात ठेवायला लावला. हैबतीकाकाने हात ठेवला आणि पुढचे नऊ दिवस तो इतका गप्प राहिला, की त्याच्या बायकोने त्याला दोनदा काढा पाजला.

भरत गुरुवारी संध्याकाळी आला. तीन दिवसांची रजा, शनिवारी वाढदिवस, रविवारी सकाळच्या गाडीने परत. आल्या आल्या त्याने पिशवीतून लाल बूट काढले. टाच दाबली की पीं-पीं वाजणारे.

"घाल हिला," तो म्हणाला.

"बूट? नि आत्ता? मोठी झाली की घालू," म्हणत तिने बूट त्याच्याच पिशवीत परत टाकले. भरत तिच्याकडे बघतच राहिला.

"बरं, खाली तरी सोड तिला. बघू दे मला."

"नको, जमीन गार हाय."

आणि तिथून जो खेळ सुरू झाला, तो काही विचारू नका. ज्या पोरीला आठवडाभर चालण्याचं वेड लागलेलं, तिला दोन दिवस जमिनीला पाय टेकवू द्यायचे नाहीत! आवडीचा हात दुखला की कमळाबाई घ्यायची, कमळाबाईची कंबर भरली की हैबतीकाका. पोर पाय झाडायची, किंचाळायची, धनुष्यासारखी वाकायची. भरत म्हणायचा, "अगो, उतरायचं हाय तिला," की कुणीतरी तयारच. कधी आत्ताच सारवलेलं असायचं, कधी काल तिथे इंगळी निघालेली असायची. एकदा कुणालाच काही सुचेना, तेव्हा कमळाबाई म्हणाली, "आज शुक्रवार हाय." शुक्रवारी पोराला खाली का ठेवू नये हे तिला सांगता आलं नाही, पण म्हातारीला विचारणार कोण?

शुक्रवारी दुपारी भरतला सेजलच्या गुडघ्यावर हळद लावलेलं खरचटलं दिसलं आणि त्याचा चेहराच बदलला. आवडी भांडी घासत होती तिथे तो येऊन उकिडवा बसला.

"आवडे, खरं सांग. पोरीच्या पायाला काय झालंय?"

"काय नाय झालं."

"मग सोडत का नाय खाली? उभी पण करू देत नाय मला."

आवडीला वाटलं, बिचारा, पोर अजून चालत नाही म्हणून घाबरलाय. त्याचं मन राखायला ती म्हणाली, "अवो, काय काय पोरं उशिराच चालतात. टेन्शन नका घेऊ."

ते ऐकून टेन्शन कमी व्हायचं, तर भरत पांढराफटक पडला. उठला आणि गोठ्याकडे निघून गेला.

शनिवारी सकाळी आवडी गूळ किसत होती. भरत कपडे करून दारात उभा. "चल. पोरीला घे. डायरेक्ट महाड. लहान पोरांच्या डॉक्टरला दाखवायचं."

"आज? वाढदिवसाच्या दिवशी?"

"आजच. मी उद्या जाणार. मग कोण दाखवणार?"

कमळाबाईने सुनेला चुलीपाशी ओढलं. "सांगून टाक गो. पोराचा जीव अर्धा झालाय."

"आई, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. संध्याकाळपर्यंतचा तर प्रश्न हाय. डॉक्टर बघतील, चांगली हाय बोलतील, येऊ परत." आणि ती हैबतीकाकाला हळूच म्हणाली, "तुम्ही पण चला. मला एकटीला धरवायची नाय ती तिथवर."

महाडच्या दवाखान्यात ही गर्दी! दीड तास सेजल दोघांच्या हातांवर आलटून पालटून तळमळत होती, कारण खाली गुळगुळीत फरशी होती आणि फरशीवर दुसरी तीन पोरं मनसोक्त चालत होती. नंबर लागला तेव्हा आवडीला घाम फुटलेला. डॉक्टर चारुशीलाबाई चष्म्यातून बघत म्हणाल्या, "काय होतंय?"

"चालत नाय," भरत म्हणाला.

"किती वर्षांची?"

"आजच एक झालं."

"अहो, मग काय घाई आहे? काही मुलं पंधराव्या महिन्यात चालतात. ठेवा बघू तिला खाली."

"नको!" आवडी आणि हैबतीकाका एकदम ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "का नको?"

"फरशी गार हाय," हैबतीकाका म्हणाला.

"मग टेबलावर उभी करा."

"टेबल पण गार असंल."

आता चारुशीलाबाईंचा आवाज बदलला. "हे बघा, खरं सांगा. मुलगी पडली का कुठे? लागलंय का तिला? मला माहीत असल्याशिवाय उपचार कसे करू?"

"तेच!" भरतने टेबलावर हात आपटला. त्याचे डोळे भरून आले होते. "तेच मी दोन दिवस विचारतोय. पडली हाय ती, पाय गेलाय तिचा, आणि ही सगळी माणसं माझ्यापासून लपवतायत! चांगली चालत होती हो डॉक्टर. आठ दिवसांपूर्वी चांगली चालत होती!"

"तुम्हाला कुणी सांगितलं, चालत होती म्हणून?" आवडी म्हणाली आणि तिने वळून हैबतीकाकाकडे असं बघितलं, की त्याने दोन्ही हात वर केले.

"नारळाशप्पथ, मी नाय!"

"काका कशाला? आपल्या वाडीतल्या चंदूने सांगितलं," भरत म्हणाला. "गेल्या शुक्रवारी मुंबईला आमच्या गावकीच्या खोलीवर राहायला आला, खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधी बोलला, भरत्या, पोरगी चालली तुझी. सगळ्या खोलीला पेढे वाटले मी! बूट काय उगाच आणले? मी तिला चालताना बघायला आलो, तर इथं कुणी तिला जमिनीला टेकू देईना. माणूस काय समजणार?"

चंदू! वाडीतली सगळी तोंडं बंद केली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला निघालेल्या माणसाला सांगायचं तेवढं राहिलं. आवडीला हसावं की रडावं कळेना. "अवो, तुम्हालाच पयलं पाऊल बघायचं होतं ना? म्हणून उचलून धरली होती तिला!"

"पण पोर कुठाय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हैबतीकाकाचे दोन्ही हात अजून वरच होते. सेजल त्याच्या धोतरावरून घसरून कधीच खाली उतरली होती आणि दारातून बाहेर चालली होती. हात पसरून, पोट पुढे काढून, कुणाचं देणं लागत नसल्यासारखी. भरत तिच्यामागे धावला आणि मधेच थांबला. मग सरळ फरशीवर मांडी घालून बसला. ती वळली, बापाकडे बघितलं आणि सात पावलं टाकून त्याच्या अंगावर येऊन पडली. सात, कारण आवडीने मोजली.

"तिचं पयलं नसंल," भरत नाक पुसत म्हणाला, "पण माझं पयलंच हाय."

चारुशीलाबाईंनी कागदावर काहीच लिहिलं नाही. "औषध एकच," त्या म्हणाल्या. "मुलीला खाली ठेवा. आणि यांनाही जरा घोटभर पाणी द्या."

बूट भरतने पिशवीत आणलेच होते. महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी पावणेदोन तास आली नाही आणि त्या पावणेदोन तासांत सेजल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीं-पीं करत फिरली. मागे कंबरेत वाकून भरत. चौकशीच्या खिडकीतला माणूसही बाहेर येऊन बघून गेला. भरतच्या कंबरेचा काटा ढिला झाला, पण तो तिला उचलून घ्यायला तयार नाही.

गाडीत आवडी म्हणाली, "आता वाडीत सांगून टाकू."

"खबरदार!" भरत म्हणाला. "सगळी माणसं माझ्यासाठी पोट दाबून बसलीत. त्यांची मजा घालवायची नाय. मी बघतो ना, पयल्यांदाच बघतोय असं. काका, तुम्ही पण गप."

"म्हणजे आता हे पण नाय बोलायचं?" हैबतीकाका कळवळला.

संध्याकाळी ओटीवर वाडी लोटली. ओवाळून झालं, महाडहून आणलेला केक मधोमध ठेवला. कमळाबाईने घोंगडी अंथरली, एका टोकाला भरतला बसवलं, दुसऱ्या टोकाला सेजलला उभं केलं. सगळी वाडी श्वास रोखून बघायला लागली. भरतने डोळे मोठे करायची तयारी ठेवली.

सेजलने दुपारी पावणेदोन तास पायपीट केलेली. तिने एकवार सगळ्यांकडे बघितलं, जांभई दिली, खाली बसली आणि रांगत रांगत केकापाशी गेली.

"उठ गो बाय! चल, बाबाकडं चल!" कमळाबाईने तिला पुन्हा उभं केलं. ती पुन्हा बसली. तिसऱ्यांदा केलं तर घोंगडीवर आडवी होऊन बोट चोखायला लागली. वाडीतल्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली. ही पोर धावते हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, आणि आता बोलायची सोय नाही! मग एकेक जण भरतजवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

"मनाला लावून घेऊ नको रे."

"चालंल, चालंल. घाई नाय करायची."

सगळ्यात जास्त हैबतीकाका हळहळला. त्याने तर डोळ्याला उपरणं लावलं.

भरत मान खाली घालून बसला होता. जरा वेळाने मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "नाय. माझं ठरलं. पोरीचं पयलं पाऊल बघितल्याबगर मी काय मुंबईला जात नाय. काका, सोमवारी पोलादपूरला जाऊन कंपनीत फोन करा. बुधवारपर्यंत येत नाय बोलावं."

"काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा. पोरगी अजून चालत नाय."

एकाची बिशाद नव्हती त्याला खोटं पाडायची. आवडीने नवऱ्याकडे बघितलं. तो अगदी गंभीरपणे केक कापत होता. तिने घाईघाईने पदर तोंडाशी धरला, पण खांदे काही थांबेनात.

कमळाबाई लगबगीने तिच्याजवळ आली. सुनेला पोटाशी धरून हळूच कानात म्हणाली, "रडू नको गो. झोप झाली की चालंल ती. उद्या सकाळीच त्याच्यासमोर सोडू."

"उद्या नको हो, आई," आवडी पदरातूनच म्हणाली. "मंगळवारी."