नाव राहिलं

सकाळचा चहा झाला की आमचे तात्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावायचे आणि पलीकडून आवाज आला की विचारायचे, "हाय न्हवं?"

पलीकडचा म्हणायचा, "हाय की."

"बरं झालं. श्री. घालतो." फोन बंद.

नवख्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. भावकीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेचं प्रूफ आधी राजारामपुरीत तात्यांच्या टेबलावर यायचं. छापायला सोडण्याआधी श्री. कोण आणि कै. कोण, याची ते अशी खातरजमा करून घ्यायचे. त्यालाही कारण होतं. एकदा शिरोळच्या एका जित्याजागत्या पाहुण्याला पत्रिकेत कै. केलं गेलं. तो लग्नाला आला, दोनदा जिलेबी मागून घेतली आणि आहेर न करता निघाला. "म्हनला, मेलेला मानूस आहेर कुठनं आननार?" तात्या सांगायचे. "बराबर हाय की त्येचं."

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही शेवटच्या सीटवरच्या प्रवाशाशी बोलल्यासारखे बोलायचे. गेल्या वर्षी ते गेले. मागे उरली पत्रिकांनी गच्च भरलेली एक पत्र्याची पेटी. पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लागली की लोक कचेरीत जाण्याआधी या पेटीकडे यायचे.

तात्या पत्रिका खालून वर वाचायचे. गणपती, मुहूर्त, वधू-वर यांत त्यांना फारसा रस नसे. "खाली बारीक अक्षरात बघ," म्हणायचे, "भांडनं तितं असत्यात." कुणाची वाटणी कधी झाली, कोण कुणाशी बोलेनासं झालं, सगळं ते निमंत्रकांच्या यादीवरून सांगायचे. वर पोचले की चष्मा काढून ठरलेला प्रश्न, "कुणाचं नाव राहिलं?"

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा प्रूफ त्यांच्यापुढे ठेवून मीच गमतीनं विचारलं, "तात्या, कुणाचं नाव राहिलं?"

त्यांनी चष्मा काढून प्रूफवर ठेवला. मग म्हणाले, "इंदीचं."

इंदूआत्या ही तात्यांच्या पाठची बहीण. तिनं कबनूरच्या एका यंत्रमाग चालवणाऱ्याशी जातीबाहेर, आपल्या मनानं लग्न केलं आणि घरानं तिला दार बंद केलं. पुढं माझ्या वडिलांचं लग्न निघालं तेव्हा आजोबांनी प्रूफ तात्यांच्या हातात दिलं आणि इंदीचं नाव काढायला सांगितलं. तात्यांनी काढलं. ते पुन्हा भावकीच्या एकाही पत्रिकेत आलं नाही. जन्मभर सगळ्यांची नावं सांभाळणाऱ्या माणसानं स्वतःच्या बहिणीवर रेघ मारली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांचा राग आला, आणि तो मी लपवलाही नाही.

"म्हनून तर म्हनतोय," तात्या म्हणाले. "मी हाय तवर घालूया."

माझी आई बिथरली. "आता कशाला उकरून काढताय? लोकं काय म्हनतील?"

"लोकं खालचं वाचतच न्हाईत. वाचनारा मी एकटाच हाय."

आईनं चार दिवस अबोला धरला. तात्यांनी प्रूफ धरून ठेवलं. प्रेसवाला दोघांपुढं हात टेकून बसला. शेवटी आई म्हणाली, "घाला. पन मी न्हाई जानार बोलवायला."

नाव आलं. नावाआधीची जागा मात्र मोकळी राहिली. नवरा असेल तर सौ., नसेल तर श्रीमती, आणि आत्याच नसेल तर... तात्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी नंबर मिळवून आणला, तर फोनला हात लावेनात. "समक्ष जाऊया," म्हणाले.

कबनूरला आत्याच्या गल्लीत मागांचा इतका खडखडाट होता की दार तीनदा वाजवावं लागलं. दार उघडलं ते ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या एका बाईनं. अगदी तात्यांचं नाक. तिनं दोघांकडे पाहिलं. तात्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"या पावणं, बसा."

तात्या खुर्चीच्या कडेवर बसले. वाटेत त्यांनी बरंच काही घोकत आणलं होतं. त्यांनी नुसतं प्रूफ पुढं केलं. आत्यानं ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. आपल्या नावापाशी तिचं बोट थांबलं.

"ह्ये कुनी घातलं?"

"म्या," तात्या म्हणाले. "काढलंबी म्याच हुतं."

"ठावं हाय."

तिनं प्रूफ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आतल्या दाराशी गेली. मला वाटलं, संपलं सगळं. तिनं पदर खोचला आणि खडखडाटाच्या वर आवाज काढून हाक मारली, "अवं, माग बंद करा. माझा भाऊ आलाय."

माग थांबला. तात्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या मोकळ्या जागेत अगदी सावकाश सौ. लिहिलं. आत्या चहाला गेल्यावर ते माझ्याकडे झुकले.

"आदी पावणं म्हनली रं मला," ते हळूच म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.