घर घरी, दुकान दुकानी

आमचे शेजारी गुंडूराव रोज सकाळी मागच्या दाराने घराबाहेर पडत, बोळ वळून रस्त्यावर येत आणि पुढच्या दाराने पुन्हा त्याच घरात शिरत. मधे नुसता पडदा होता. पडद्यापुढे त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान, मागे बिऱ्हाड. पण पडदा सारून कामाला जाणं त्यांच्या बुद्धीला पटत नसे. पावसात छत्री घेऊन जात, पण बोळातूनच.

"घर घरी, दुकान दुकानी, मास्तर," ते मला बजावत. एकदा मी फाटलेलं पुस्तक मागच्या दाराने दिलं, तर म्हणाले, "दुकानात या. तिथे मालक भेटतील." आता मालक म्हणजे हेच की! कुंभकोणमात त्यांची टिंगल व्हायची. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तरी दुपारी बाराला दुकानाला कुलूप लावून स्वारी जेवायला घरी.

मग घरमालकाने जागा खाली करा म्हणून कोर्टात अर्ज केला. त्याला तिथे स्वतः राहायचं होतं. आमच्या वकिलांनी समजावलं, "राहायला हवं म्हणून मालकाला राहतं घर सोडवून घेता येतं, दुकान नाही. तेव्हा सगळं दुकानच आहे म्हणा. चूल पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायला आहे."

कोर्टाच्या पाहणीच्या आदल्या दिवशी मीच पडदा काढला, देव्हाऱ्यापुढे पुठ्ठे रचले, खळीसाठी एक पातेलं सोडून बाकी भांडी माझ्या घरी नेली. गुंडूराव पुस्तक शिवत बसले होते.

कोर्टाने पाहणीला एक तरुण वकील धाडला. पापनाशमहून बसने, भर बाराला आला. उन्हाने पोराचं तोंड सुकलं होतं. त्याने जागा मापली, चूल पाहिली.

"खळीची," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. चला, सुटलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात गुंडूरावांनी केळीचं पान मांडलं आणि त्या खळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. "बसा. सांबार-भात आहे. जेवणवेळेला आलेला माणूस उपाशी जात नाही आमच्यात."

"खटला चालू आहे. मला इथे जेवता येणार नाही."

"खटला दुकानाचा," गुंडूराव शांतपणे म्हणाले. "जेवण घरचं."

मी कपाळाला हात लावला. पोरगा मोठा सरळमार्गी. त्याने आधी ते वाक्य अहवालात लिहिलं, खाली सही केली, आणि काम संपलं म्हणून मग पानावर बसला.

निकाल अर्थातच घरमालकाच्या बाजूने लागला. गुंडूराव गोविंदपुरमला भाच्याकडे निघाले. सामान बांधताना मला राहवेना. राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. "एका जेवणापायी घर घालवलंत, गुंडूराव. काय मिळालं?"

ते दोरीची गाठ मारत होते. हात थांबले.

"त्याने दोनदा भात मागून घेतला, मास्तर," ते म्हणाले. "ती गेल्यापासून मला 'आणखी वाढा' असं कुणी म्हटलं नव्हतं."