हार्गेटच्या निरोपाचा केक

एक केक आणायचा, एवढंच यतीन सबनीसनं ठरवलं होतं.

निमित्त क्लिंट हार्गेटचं. यतीननं ज्या कॉलेजातून एमएस केलं, तिथल्या हेरन्स नावाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा हा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. म्हणजे बॉल आपल्याकडे असताना पुढची चाल ठरवणारा गृहस्थ. अमेरिकेत, अल्फारेटातल्या यतीनच्या घरात त्याचा उद्धार सकाळच्या चहाबरोबरच सुरू व्हायचा. (यतीन स्वतः शाळेत खो-खोच्या टीममध्येही राखीव होता. पण नावं ठेवायला दमसास लागत नाही.)

"दहा यार्ड हवेत, आणि हा गाढव बॉल पुन्हा मधूनच पळवतो! समोर दीडशे किलोची धूडं उभी!"

"बॉल फेकणारा क्वार्टरबॅकच नवखा आहे यार," मित्र केदार हार्गेटची बाजू घ्यायचा. "हार्गेट बिचारा काय करणार?"

"राजीनामा देणार!"

आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी बातमी फुटली, की हार्गेट टेक्सासच्या एका कॉलेजात चाललाय. यतीननं ऑफिसातूनच बेकरीला फोन लावला. केकवर इंग्रजीत लिहायला सांगितलं, 'अखेर सुटलो! परत येऊ नका!' पलीकडच्या मुलीनं विचारलं, "कोणी प्रवासाला निघालंय का?" "हो, कायमचं!" यतीन म्हणाला. तिनं हौसेनं केकवर साखरेचं विमान बसवलं.

आता, यतीनच्या घरातून सोमवारी एक माणूस खरोखरच विमानानं जाणार होतं. यतीनच्या सासूबाई, अंजनाबाई, ऑगस्टपासून लेकीकडे राहायला आल्या होत्या. पुण्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. शनिवारी दुपारी दही काढायला त्यांनी फ्रिज उघडला आणि केकचा डबा समोर आला. त्यांनी झाकण उचललं, वाचलं, विमान बघितलं, आणि दही न घेताच फ्रिज बंद केला.

यतीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. मॅच सुरू व्हायच्या आधी तो केक मिरवत हॉलमध्ये आला. सोफ्यावर केदार, त्याच्या शेजारी यतीनची बायको सोनल, कडेच्या खुर्चीत सासूबाई.

"आई, तुम्ही घरात मोठ्या. पहिली सुरी तुम्ही चालवा!"

सोनलनं केकवरचं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. अंजनाबाईंनी शांतपणे विचारलं, "यतीनराव, एवढा त्रास झाला का हो?"

"त्रास? आई, ऑगस्टपासून रक्त आटलंय माझं!"

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"रोज बोलतोय की!"

"कोणाला?"

"सगळ्यांना! ऑफिसात, केदारला, आमच्या चार हजार लोकांच्या ग्रुपवर. सगळ्यांचं एकच मत, जितक्या लवकर जाईल तितकं बरं."

"चार हजार," अंजनाबाई पुटपुटल्या आणि पदर सावरत उठल्या.

"यतीन!" सोनल ओरडली. "माझ्या आईबद्दल बोलतोयस तू!"

यतीनच्या हातातली सुरी तिथंच थांबली. त्यानं केककडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "नाही, नाही! आई, हे हार्गेटसाठी आहे! कोऑर्डिनेटर! तो टेक्सासला चाललाय! केदार, सांग ना!"

केदार फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली आणि आनंदानं जाहीर केलं, "कुठे चाललाय? आत्ताच आलं बघ. ती बातमी खोटी होती. हार्गेट राहतोय! दोन वर्षांचा नवीन करार!"

"म्हणजे तो जात नाहीये," सोनल म्हणाली. "या घरातून फक्त माझी आई जातेय."

(गरजेच्या वेळी हार्गेटनं यतीनला दगा द्यायची ही पहिली वेळ नव्हती, पण एवढ्या जवळून पहिलीच.)

पुढचा तासभर यतीन सासूबाईंच्या बंद बेडरूमच्या दाराबाहेर उभा राहून फुटबॉलचे नियम समजावत होता. कोऑर्डिनेटर म्हणजे काय, तिसरा डाउन म्हणजे काय. आतून फक्त बॅगेची चेन लावल्याचा आवाज येत होता. शेवटी त्यानं ग्रुपवरच्या आपल्या शिव्या तारखेसकट मोठ्यानं वाचून दाखवल्या, तेव्हा कुठे दार उघडलं.

"इंग्रजी फार कच्चं आहे तुमचं," अंजनाबाई म्हणाल्या. "पण शिव्या त्या माणसालाच आहेत, हे पटलं."

एवढ्यानं भागलं असतं. पण यतीन भावनेच्या भरात म्हणाला, "आई, आता जाऊच नका. जानेवारीपर्यंत राहा!" आणि अंजनाबाईंनी मायेनं होकार दिला. सोमवारचं तिकीट बदलायला यतीनच फोनवर होल्ड धरून बसला.

डिसेंबरातल्या शेवटच्या मॅचला त्या सोफ्यावर मधोमध बसल्या. यतीन कडेच्या खुर्चीत. हार्गेटनं पुन्हा मधूनच पळवलं आणि धूडांनी पुन्हा आडवं केलं.

"दर वेळी तीच चूक," अंजनाबाई वैतागून म्हणाल्या. "सांगून कळत नाही, बघून शिकत नाही. अशा माणसाला ठेवतात तरी कशाला?"

यतीनला भरून आलं. घरात कोणीतरी आपल्या बाजूचं निघालं! "हेच, आई! अगदी हेच म्हणतोय मी!"

सोनलनं टीव्हीवरची नजर न हलवता यतीनकडे बोट केलं. "करार झालेला असतो ना, आई."

अंजनाबाईंनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "त्याचा तरी दोनच वर्षांचा आहे गं," त्या म्हणाल्या.